चार तासांनी नानांची सही

ध्येय हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं. शाळेच्या भिंतीवर रंगवलेला होता तोवर माझं त्याच्याशी काही वैर नव्हतं. पण तो आमच्या कंपनीत आला, संगणकाच्या पडद्यावर हिरव्या चौकटीत जाऊन बसला, आणि त्याच्या आडोशाने मी जे केलं ते मला आजही गिळता येत नाही.

कंपनी निघोज्याच्या बाजूला. आम्ही गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या बनवतो. बिजागरी म्हणजे दोन जाड पत्रे आणि त्यांना जोडणारी एक पिन, यापलीकडे त्यात काही नाही. पण ती पिन भट्टीतून नीट पक्की होऊन निघाली नाही तर काही महिन्यांत दरवाजा लोंबायला लागतो, आणि मग गाड्या बनवणारी मोठी कंपनी सगळा माल आमच्या दारात आणून टाकते. म्हणून माल बाहेर पडायच्या आधी शेवटची तपासणी असते. मी लागलो तेव्हा ती नाना करायचे. मला ती शिकवलीही त्यांनीच.

नाना पिंपळे गुरवचे मूळचे. वडिलांचं शेत होतं तिथे आता इमारती आहेत, आणि त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर ते राहतात. घरबसल्या भागलं असतं त्यांचं. पण बसून माणूस गंजतो म्हणायचे, आणि सकाळी कंपनीच्या बसला माझ्याआधी येऊन उभे असायचे. मी सोलापूरकडचा, त्याच गल्लीत भाड्याने राहणारा. एकवीस वर्षं आम्ही एका बाकावर बसून गेलो. वाटेतली मोशी येईपर्यंत ते बोलायचे, मोशी गेली की डोळे मिटायचे.

त्यांच्या एका खिशात बोटभर लांबीची कानस असायची. मशीनने पिनेच्या कडकपणाचा आकडा बरोबर दाखवला तरी ते प्रत्येक लॉटमधल्या चार पिना उचलून त्यांच्यावर कानस फिरवायचे. पक्क्या पिनेवर कानस घसरते, कच्चीला चावते. चारही वेळा घसरली की मग दुसऱ्या खिशातून टोपणाचं निळं पेन निघायचं. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत असो की आत साहेब घड्याळ बघत असो, नाना पूर्ण नाव लिहायचे. वडिलांच्या नावासकट, मराठीत, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं वाचता येईल असं. खाली तारीख, तारखेखाली वेळ. ते पेन त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. एकदा मी घाईत मागितलं तर म्हणाले, ‘ह्या पेनानं मी बघितल्यालंच लिवतो. तुझं तू आण.’ मला तेव्हा राग आला होता.

मग सॉफ्टवेअर आलं. त्याच्यासोबत वाकडहून एक सल्लागार आला. गोड बोलणारा, कुणालाही न दुखावणारा माणूस, आणि म्हणूनच पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेलेला. कॉन्फरन्स रूममध्ये आम्हा बाराजणांना बसवून त्याने समजावलं की आधीची सॉफ्टवेअरं सांगकामी होती. आधी हे कर, मग ते कर, आणि मध्ये काही अडलं की सगळं ठप्प. हे तसं नाही. याला वाट सांगायची नाही, फक्त पोचायचं कुठे ते सांगायचं. वाट ते स्वतः शोधतं. एक वाट अडली तर दुसरी धरतं, आणि कुठल्या वाटेने लवकर पोचलो ते लक्षात ठेवतं. पडद्यावर त्याने एक झाड काढलं. शेंड्याला मोठं ध्येय, ‘वेळेवर निर्दोष माल’. खाली फांद्यांना छोटी ध्येयं. चौकटींमधला मजकूर मुद्दाम मराठीत ठेवला होता, कामगारांना आपलं वाटावं म्हणून. आपलं वाटावं! आमच्या प्लांटहेड साहेबांनी यावर टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती. गोष्ट अडली ती पुढे. प्रत्येक चौकटीला एक ओनर हवा, सल्लागार म्हणाला. ते ध्येय ज्याचं, त्याचं नाव. चूक झाली तर सॉफ्टवेअर त्याला विचारणार.

आमच्याकडे कागदावर नाव टाकायची वेळ आली की एक रीत आहे. जो खोलीत नाही त्याचं टाकायचं. हे कुणी ठरवलेलं नाही आणि कुणी कबूलही करणार नाही, पण चौकशी समिती असो, आग विझवण्याचं पथक असो, गणपतीच्या वर्गणीची यादी असो, रजेवर असलेला माणूस दरवेळी बिनविरोध निवडून येतो. पडद्यावर ‘माल तपासून पाठवणे’ ही चौकट आली तेव्हा बाराजणांनी बारा मोबाइल बाहेर काढले. नाना त्या दिवशी रजेवर होते आणि तीन आठवड्यांनी निवृत्त होणार होते. कुणीतरी म्हणालं, नानांचं टाका तात्पुरतं. सगळे हसले. कीबोर्ड माझ्यापुढे होता. नानांनंतर ते काम माझ्याकडे येणार हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, मला तर सगळ्यांत जास्त. मी नानांचं नाव टाकलं.

सल्लागाराने विचारलं, ओनरने उत्तरच दिलं नाही तर काय करायचं? साहेबांनी मान वर न करता सांगितलं की माल थांबता कामा नये, चार तास वाट बघा आणि मग होकार धरा. होकार धरा. मुलीने मान खाली घातली की लग्नात धरतात तसा. सल्लागाराने तेही टाइप केलं. मालासोबत जाणाऱ्या तपासणीपत्रावर सही छापायला हवी होती, म्हणून एका जुन्या कागदावरची नानांची सही मी स्कॅन करून दिली. इतकी स्वच्छ सही बघून तो खूश झाला. त्याच महिन्यात कंपनी पेपरलेस झाली, सगळ्यांची पेनं एका खोक्यात गोळा केली, आणि मीही खिशाला पेन लावायचं सोडलं.

नाना निवृत्त झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. त्यांचं खातं बंद करायला हवं होतं. पण ओनर काढला की अख्खी फांदी लाल व्हायची, आणि लाल दिसलं की साहेबांचा फोन यायचा. दर सोमवारी सॉफ्टवेअर मला विचारायचं, ओनर बदलायचा आहे का? खाली दोन बटणं. ‘हो’ आणि ‘नंतर’. ‘हो’ म्हटलं की माझं नाव टाकावं लागणार आणि उद्या काही अंगाशी आलं तर ते माझ्या अंगाशी येणार. मी ‘नंतर’ दाबायचो. दीड वर्ष मी दर सोमवारी चहा पिता पिता ‘नंतर’ दाबलं. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

सॉफ्टवेअर मात्र रिकामं बसलं नव्हतं. ते शिकत होतं. आमच्या टेस्टिंगच्या खोलीत परभणीकडची एक मुलगी पिना तपासायला असते. ठेक्यावर आहे, पण कामाला खडूस. दहातले दोन लॉट परत भट्टीकडे पाठवायची. तिच्या वाटेने गेलं की उशीर आणि वाद, नानांच्या वाटेने गेलं की चार तासांत होकार, तोही कधीच न चुकणारा. माणसाला अशी वाट धरायला लाज आडवी येते, सॉफ्टवेअरला ती नव्हती. त्याने एकेक करून लॉट तिच्या बाजूने काढून नानांकडे वळवायला सुरुवात केली. निवृत्त होऊन घरी बसलेले नाना आमच्या कंपनीतले सगळ्यांत कार्यक्षम अधिकारी झाले.

हे मला त्या मुलीकडून कळलं. एकदा दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ‘सर, चार दिवस झालेत, एक बी लॉट माझ्याकडं येईना,’ ती म्हणाली. ‘माल तर जायलाय. मग तपासायलंय कोण?’

मी तिला बघतो म्हणालो. बघितलंही. वाट तिच्या खोलीला वळसा घालून गेली होती, ते पडद्यावर लख्ख दिसत होतं. मी साहेबांकडे गेलो. त्यांनी मला झाड दाखवलं, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हिरवं. सल्लागाराला व्हिडिओवर घेतलं, तर तो कौतुकाने म्हणाला की सिस्टिम आता प्रगल्भ होत चालली आहे. प्रगल्भ! मी तिथेच सांगायला हवं होतं की ज्याच्या नावावर हे चाललंय तो माणूस पिंपळे गुरवला भाजी आणायला गेलाय. पण मग पहिला प्रश्न आला असता, अजून त्याचं नाव का? मी तसाच बाहेर आलो.

याच दिवसांत मला नाना आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर भेटले. चेहरा फुललेला. त्यांनी मोबाइल लांब धरून मला दाखवला. सॉफ्टवेअर ओनरच्या नंबरवर निरोप पाठवायचं हे मी विसरूनच गेलो होतो. अभिनंदन, आज आपली सहा ध्येये पूर्ण झाली. अभिनंदन, आज आपली नऊ ध्येये पूर्ण झाली. कंपनीच्या नावासकट, रोज एक. वर सरकवत गेलं तरी संपेचनात. आधी वाटलं जाहिरात असंल, ते म्हणाले, पण न्हाई, कंपनी आठवण ठेवून हाय आपली. ध्येयं म्हणजे नक्की काय ते त्यांना उमगलं नव्हतं, पण जुन्या माणसांना असं काहीतरी पाठवत असतील अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. घरात सुनेला वाचून दाखवायचे. तुला येतात का, त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो. मग म्हणाले, तू अजून कामावर हायस, तुला कशाला पाठवतील, आणि माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. तो चहा मी प्यायलो.

पुढे जे व्हायचं तेच झालं. मोठ्या कंपनीकडून माल परत आला. दरवाजे लोंबत होते. पिना कच्च्या. भट्टीचं तापमान एका दिवशी पडलं होतं आणि तो अख्खा लॉट कुणीही न बघता गेला होता. सोबत तपासणीपत्र, त्याच्यावर नानांची फळ्यावरच्यासारखी सुरेख सही, वार गुरुवार, वेळ दुपारी एक. गुरुवारी आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी असते. ओव्हरटाइमला आलेल्या चारपाच माणसांनी सकाळी नऊला लॉट सिस्टिममध्ये चढवला आणि सॉफ्टवेअरने बंद कंपनीत चार तास मोजले.

अशा वेळी मोठ्या कंपनीला एक पत्र द्यावं लागतं. दोष कशामुळे झाला, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. साहेबांनी ते मला समोर बसवून सांगितलं आणि मी टाइप केलं. मूळ कारण, संबंधित निरीक्षकाने प्रत्यक्ष तपासणी न करता मान्यता दिली. उपाय, संबंधित निरीक्षक आता सेवेत नाहीत. मी म्हणालो, साहेब, नाना तेव्हाही सेवेत नव्हते. साहेब शांतपणे म्हणाले, ‘रिटायर्ड माणूस आहे, त्याचं काय बिघडणार आहे? तुझं नाव टाकू का?’

मी पुढची ओळ टाइप केली. पत्रावर सल्लागाराने सुचवलेलं एक ठसठशीत शीर्षकही होतं, ‘मानवी चूक’. सोमवारी मोठ्या कंपनीची माणसं येणार होती, तेव्हा त्यावर सही होऊन ते त्यांच्या हातात पडणार होतं. साहेबांनी ते सिस्टिममध्ये टाकलं आणि लाल झालेली चौकट पुन्हा हिरवी झाली.

सिस्टिमने आपलं काम चोख केलं. ओनरला निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळी दारावरची बेल वाजली तर नाना उभे. कधी नव्हे ते चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच थांबले. माझ्या बायकोने आत या म्हटलं तर हाताने नको म्हणाले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. आपले ध्येय अपयशी. कारण, ओनरने तपासणी न करता मान्यता दिली. खाली लॉटचा नंबर, वार, वेळ.

‘ह्या दिवशी आमच्या हिच्या डोळ्याचं आप्रेशन व्हतं,’ नाना म्हणाले. ‘मी दवाखान्यात बाकड्यावर बसलेलो. मी कशी केली सही?’

मी जिन्यातच त्यांना सगळं सांगितलं. खोलीत ते नव्हते म्हणून नाव टाकलं ते, सही स्कॅन केली ते, चार तास, दर सोमवारचं ‘नंतर’. निरोप कशाचे होते तेही. बोलताना मी बऱ्याचदा सिस्टिमने, सिस्टिमने असं म्हणालो असेन. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘टपरीवर दावलं तवा तुला ठावं व्हतं?’

मी हो म्हणालो.

ते जिना उतरून गेले. मला एखादी शिवी घातली असती तर मी आजन्म त्यांचा ऋणी राहिलो असतो.

त्या दिवशी मी घरात जेवलो नाही, बायकोवर उगाच खेकसलो, वाकडच्या त्या गोड माणसाला मनातल्या मनात यथेच्छ बडवलं. साहेबांनाही. त्यांच्यापैकी कुणालाच मी आजही माफ केलेलं नाही. पण त्या खोलीत कीबोर्ड कुणापुढे होता, हे कितीही शिव्या दिल्या तरी बदलत नव्हतं. शनिवारी मी कामावर दुसरं पत्र लिहिलं. मूळ कारण, निवृत्त निरीक्षकांचं नाव व सही त्यांना न कळवता सिस्टिममध्ये ठेवली गेली, ती मी ठेवली. तपासणी झालीच नाही. उपाय, मान्यतेशिवाय होकार धरणं बंद, प्रत्येक लॉट टेस्टिंगच्या खोलीतूनच जाईल. खाली माझं नाव छापलेलं. मग पडद्यावर ‘हो’ दाबून ओनरच्या जागीही माझं नाव टाकलं. अख्खी फांदी लाल झाली. साहेबांचा फोन वाजत राहिला, तो मी उचलला नाही. सोमवारी हे पत्र परस्पर मोठ्या कंपनीच्या माणसांच्या हातात द्यायचं मी ठरवलं होतं, आणि त्यानंतर मी कुठे असेन याचा अंदाजही होता. अंदाज बरोबर निघाला, मी आता भंगाराच्या यार्डात माल मोजतो.

पण त्याआधी रविवारी कंपनीतून परतल्यावर मी पत्र घेऊन नानांच्या घरी गेलो. परत आलेल्या लॉटमधली एक पिनही खिशात होती. सुनेने दार उघडलं. नाना टेबलाशी बसले होते, समोर मोबाइल बंद करून पालथा ठेवलेला. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, पिन ठेवली. त्यांनी आधी पिन उचलली. खिशातून कानस काढली आणि फिरवली. कानस चावली, कच्चकन आवाज आला, टेबलावर बारीक कीस पडला. त्यांनी पुन्हा फिरवली. मग पिन बाजूला सारून हात पुसले आणि पत्र वाचायला घेतलं. एकेका ओळीवर बोट धरून वाचलं. निवृत्त निरीक्षक या शब्दांवर बोट थोडं जास्त वेळ थांबलं.

‘सही कुठं हाय?’ त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाव छापलंय खाली, आता तसंच चालतं.

‘छापल्यालं माझंबी व्हतं,’ नाना म्हणाले. ‘हितं कर. माझ्याम्होरं.’

मी खिसा चाचपला. मग दुसरा. पेन नव्हतं. दीड वर्षात मी एकदाही स्वतःच्या हाताने काही लिहिलेलं नव्हतं. नानांच्या खिशाला ते निळं पेन होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी त्याच्याकडे बघितलं. त्यांनीही मला बघताना बघितलं.

‘खाली दुकानात मिळंल,’ ते म्हणाले. ‘तुझं तू आण.’

लिफ्ट बंद होती. मी चार मजले उतरलो, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन घेतलं आणि चार मजले चढलो. पत्र होतं तिथेच होतं, नानाही तसेच बसलेले. मी पूर्वी बँकेत करायचो तशी एक वेलांटी ओढायला लागलो तर त्यांनी कागदावर बोट ठेवलं. नाव लिव, कुणी केलं ते वाचता आलं पायजे. मग मी लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव. सवय मोडली होती, आडनावाची रेघ खाली उतरली. खाली तारीख टाकली आणि पेनाला टोपण लावलं.

नानांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला आणि माझं पूर्ण नाव एकदा मोठ्याने वाचलं. मग तो परत माझ्यापुढे ठेवला.

‘वेळ ऱ्हायली,’ ते म्हणाले.

भिंतीवर कंपनीने दिलेलं घड्याळ होतं. मी टोपण काढलं, त्यात बघितलं आणि वेळ टाकली.